पॅनडॉक: आठ महिने वापरल्यावर

पॅनडॉक म्हणजे मजकूर एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात बदलणारा प्रोग्राम. एका बिलिंग सॉफ्टवेअरची मराठी पुस्तिका सांभाळणं हे माझं काम. मजकूर मार्कडाउनमध्ये (साध्या चिन्हांनी मांडणी दाखवायची पद्धत), त्यातून वेबपान आणि लाटेक या छपाईच्या मांडणीच्या भाषेमार्गे पीडीएफ. आधी हे सगळं घरच्या स्क्रिप्टवर चालायचं: लाटेकमध्ये & आणि % ला खास अर्थ, म्हणून & दिसला की आधी \ लाव, % दिसला की तेच. मग एकदा मजकुरातल्या \ साठीही नियम जोडला, तोही नेमका सगळ्यांत शेवटी. झालं! मीच लावलेले \ पुन्हा बदलले गेले. & असलेल्या ओळींवर लाटेक अडून बसलं, त्या हाताने दुरुस्त केल्या. % मात्र आवाज करत नाही. त्याच्यापुढची उरलेली ओळ लाटेक टिप्पणी समजून गिळून टाकतं. "१८% जीएसटी लागू असल्यास हा रकाना भरा" याचं छापून आलं "१८\". दाखवलं कोणी, तर ग्राहकाने.

पॅनडॉक अशी शोधाशोध-बदलाबदली करतच नाही. आधी मजकुराचा वृक्ष (परिच्छेद, शब्द अशी उतरंड) बनवतं; त्यात & म्हणजे नुसता &. लाटेक लिहिताना त्याला \ लागतो, एचटीएमएल (वेबपानाची भाषा) लिहिताना त्याचं ; ने संपणारं रूप येतं. दोनदा एस्केप होण्याची (चिन्हामागे \ लागण्याची) भानगडच मिटली. (२००६ साली हे सुरू करणारे जॉन मॅकफार्लेन बर्कलेला तत्त्वज्ञान शिकवतात. शोभतं!)

तक्रारी आहेतच. विंडोजचा फाईलपत्ता साध्या मजकुरात लिहिला, तर \ नंतरचं फोल्डरचं इंग्रजी नाव पॅनडॉकला लाटेकची आज्ञा वाटतं. वेबपानावर ते नाव चक्क गायब, उरतं फक्त ड्राइव्हचं अक्षर आणि कोलन. रॉ-टेक्स हे (मजकुरात लाटेकच्या आज्ञा चालू देणारं) एक्स्टेन्शन बंद केलं तेव्हा सुटलो; तुम्ही पहिल्याच दिवशी करा. वर्डमधून मार्कडाउन काढलं की सरळ अवतरणचिन्हांमागे \ ची रांग लागते, ती स्मार्ट नावाचं एक्स्टेन्शन बंद केल्यावर जाते.

एक गंमत आपल्या अंकांची. ओळीच्या सुरुवातीला इंग्रजी आकडा आणि टिंब आलं की मार्कडाउनला ती यादी वाटते, म्हणून वर्डमधून आणताना पॅनडॉक त्या टिंबामागे \ लावतं. देवनागरी "१." ला काहीच लावत नाही, कारण मार्कडाउनच्या लेखी ती यादीच नव्हे. परिणामी एकाखाली एक लिहिलेल्या सात पायऱ्या पीडीएफमध्ये एकाच परिच्छेदात कोंबलेल्या निघाल्या. सध्या प्रत्येक पायरीनंतर रिकामी ओळ सोडतोय.