30 सेंटिमीटरचा पृथ्वीगोल: साधाच घ्या, उठावाचा नको

परभणीत शालेय साहित्याच्या दुकानात तीन गोल मांडलेले होते: साधा, डोंगर बोटाला लागतील असा उठावाचा आणि आत दिवा लागणारा. दुकानदार म्हणाले, "सर, दिव्याचाच न्या, लेकरं खूश होतात." मी साधा आणला, साडेनऊशेला.

उठावाचा का नाही, तर 30 सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर 1 सेंटिमीटर म्हणजे सुमारे 425 किलोमीटर. त्या हिशोबानं 8,849 मीटरचं एव्हरेस्ट जेमतेम 0.2 मिलिमीटर भरतं. तिथं मात्र हिमालय ज्वारीच्या दाण्याएवढा वर आलेला! प्रमाण शिकवायचं आणि साधनच खोटं बोलणार, हे कसं चालायचं?

आस 23.5 अंशांत कललेला आहे आणि कमानीवर अंश स्पष्ट छापलेत, एवढं दुकानातच बघून घ्या. रेखावृत्तं दर 15 अंशांवर आहेत, म्हणजे एक घर सरकलं की एक तास. परभणी 77 अंश पूर्वच्या जरा अलीकडं, प्रमाणवेळ मात्र मिर्झापूरजवळच्या 82.5 अंशांवरची. अंशाला चार मिनिटं धरा. आपल्याकडं सूर्य माथ्यावर यायला सरासरी बारा वाजून तेवीस मिनिटं का होतात, ते लेकरं स्वतःच काढतात.

लाईट गेली की खरी मजा. अंधारात टॉर्च धरायची आणि गोल फिरवायचा. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला, त्यामुळं सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो 21 जूनला नाही, तर मेच्या मध्यावर आणि परत जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. जुलैत ढगांमुळं कुणाच्या ध्यानातच येत नाही म्हणा.

मला सगळ्यात आवडतो तो एकोणीस अंश उत्तरेवर बोट ठेवून गोल फिरवायचा खेळ. पश्चिमेला आधी मुंबई लागते, मग अरबस्तान, सहारा आणि थेट मेक्सिको सिटी. अक्षवृत्त जवळपास एकच, पण मेक्सिको सिटी 2,240 मीटर उंचीवर, म्हणून तिथं आपल्यासारखा मे तापत नाही. मुंबईत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि आपल्याकडं त्याच्या निम्मासुद्धा नाही, कारण मधे सह्याद्री. पण गोलावर सह्याद्री म्हणजे एक तपकिरी रेघ. तेवढ्यासाठी भिंतीवरचा महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा वेगळा घ्यावाच लागतो.

खोट काढायची तर विषुववृत्तावरचा जोड दोन मिलिमीटर सरकलाय. म्हणजे 85 किलोमीटर, परभणीहून नांदेडच्याही पुढं! पाया हलका, जोरात फिरवला की डुगडुगतो. आणि सगळी नावं इंग्रजीत. मराठीतला गोल मागितला तर दुकानात नव्हता.

पाचवी ते आठवीला हा पुरतो. स्वस्त मिळतो म्हणून 20 सेंटिमीटरचा घेऊ नका, त्यावरची नावं मला चष्मा लावूनही वाचता आली नाहीत.