डोंगरविद्येच्या पुस्तकांचं कपाट: अप्पा बळवंत चौकातून काय आणावं, काय तिथंच ठेवावं

रानात, डोंगरात निभावून कसं न्यायचं हे शिकवणारी पुस्तकं जमवायची म्हटलं की पुण्यात पहिली फेरी अप्पा बळवंत चौकातच होते. मराठी पुस्तकं तिथं सहज मिळतात. जुनी इंग्रजी मात्र गाइडांच्या आणि अपेक्षित प्रश्नसंचांच्या गठ्ठ्यांमागून उपसून काढावी लागतात. तेवढे कष्ट जरूर घ्यावेत, पण पैसे मोजण्यापूर्वी एक गोष्ट पक्की करावी. या विषयावरची बहुतेक गाजलेली पुस्तकं थंड, उत्तरेकडच्या मुलुखात लिहिली गेली आहेत. त्यातलं बरंच काही सह्याद्रीत लागू पडत नाही आणि काही तर चक्क उलटं पडतं.

सगळ्यात मोठा घोळ दिशांच्या प्रकरणात होतो. 'दुपारी बारा वाजता सूर्य दक्षिणेला असतो' हे वाक्य अशा प्रत्येक पुस्तकात सापडतं. पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य इथं डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. घड्याळाचा तास-काटा सूर्याकडे धरून दक्षिण काढायची युक्ती त्या दिवसांत सरळ फसवते. ध्रुवताऱ्याचंही तसंच. अमेरिकेतल्या सिएटलला तो क्षितिजापासून सत्तेचाळीस अंशांवर, म्हणजे छान उंच दिसतो. आपल्याकडे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींपेक्षाही तो खाली असतो. दरीत मुक्काम असला तर समोरच्या डोंगरधारेमागे लपतो, आणि पावसाळ्यात तर प्रश्नच मिटला. शेवाळ उत्तरेच्या बाजूला वाढतं, हा सल्ला घाटातल्या पावसात खोडाच्या चारी बाजूंना शेवाळ पाहिलं की निकालात निघतो.

म्हणून पुस्तक हातात घेतलं की सम-सावलीची पद्धत दिली आहे का ते आधी पाहावं. सकाळी दहाच्या सुमारास उभ्या काठीच्या सावलीच्या टोकावर खडा ठेवायचा. दुपारनंतर सावली बरोबर तेवढ्याच लांबीची झाली की दुसरा खडा. दोन्ही जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम आणि सकाळचा खडा पश्चिमेचा. ही पद्धत वर्षभर, कुठल्याही अक्षांशावर चालते. ती नीट आकृतीसह देणाऱ्या पुस्तकाच्या लेखकाने स्वतःच्या गावाबाहेरचा विचार केला आहे असं खुशाल समजावं. होकायंत्राच्या चुंबकीय फरकावरची, म्हणजे सुईची उत्तर आणि खरी उत्तर यांतल्या तफावतीवरची, लांबलचक पानं मात्र बिनधास्त उलटावीत. पुण्याच्या परिसरात तो फरक एक अंशाहूनही कमी आहे.

दोरकामासाठी परदेशी पुस्तकांना पर्याय नाही. 'माउंटेनीयरिंग: द फ्रीडम ऑफ द हिल्स' हे सिएटलच्या 'द माउंटेनीयर्स' संस्थेचं पुस्तक 1960 साली पहिल्यांदा निघालं आणि तेव्हापासून सतत सुधारून निघतं आहे. बर्फ आणि हिमनद्यांवरचे भाग हिमालयात जाणाऱ्यांनी वाचावेत. आपल्याला हवेत ते बिले (चढणाऱ्याचा दोर खालून-वरून सांभाळणं), अँकर (दोर कातळाला पक्का अडकवायची जागा) आणि रॅपेलिंग (दोरावरून खाली उतरणं) यांवरचे भाग. इथं आवृत्ती फार महत्त्वाची आहे. साठ-सत्तरच्या दशकातली प्रत स्वस्तात मिळाली तर संग्रहासाठी घ्या, पण तिच्यावरून शिकू नका. हार्नेसऐवजी (कमर-मांड्यांना घालायच्या पट्ट्याऐवजी) कमरेला थेट दोर बांधायची आणि अंगाभोवती दोर फिरवून बिले द्यायची त्या काळची रीत आता मुख्य पद्धत म्हणून कुणी शिकवत नाही.

ॲशली यांचं 1944 सालचं गाठींचं पुस्तक हे या कपाटाचं वैभव आहे: सुमारे 3,900 गाठी आणि हजारो रेखाटनं. फक्त एक ध्यानात ठेवावं की तो ताग आणि मनिला यांसारख्या वनस्पतींच्या धाग्यांपासून वळलेल्या खरखरीत दोरांचा जमाना होता. नायलॉनचा दोर गुळगुळीत असतो, त्यामुळे मनिल्यात घट्ट बसणारी शीट बेंड (दोन दोर जोडायची गाठ) त्यात सरकू शकते, आणि ताण नसताना हलत राहिली तर बोलाइन ही फासाची गाठही सैल होते. म्हणूनच हार्नेसला बांधायला आठाची गाठ वापरतात. शिकताना दोन मीटर लांब, सहा मिलिमीटर जाडीची दोरी शेजारी हवी. आकृतीत कुठला पदर वरून गेला आणि कुठला खालून, हे बोट न ठेवता कळत नसेल तर तसलं गाठींचं पुस्तक घरी आणून उपयोग नाही.

जुन्या प्रतीची खरी परीक्षा सर्पदंशाच्या पानावर होते. शेवटच्या सूचीतून ते पान काढा. जखमेवर चीर द्या, विष चोखून काढा, वर करकचून बांधा, असं लिहिलं असेल तर त्या पुस्तकाचं अख्खं प्रथमोपचाराचं प्रकरण बाद. धीर देणं, दंश झालेला अवयव मोडलेल्या हाडासारखा स्थिर ठेवणं आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यात लवकरात लवकर पोचवणं, एवढंच करायचं असतं. आपल्याकडचं बहुगुणी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरही चालतं, तेव्हा ओळख पटवायला साप मारत बसू नये.

ओळख शिकायची ती घरी, पुस्तकात. रोम्युलस व्हिटेकर आणि अशोक कॅप्टन यांची 2004 सालची भारतीय सापांची मार्गदर्शिका त्यासाठी उत्तम. बिनविषारी कवड्या सापाचे पट्टे डोक्याकडे ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. विषारी मण्यारीचे पट्टे मानेच्या बरेच मागून सुरू होतात आणि शेपटीपर्यंत स्पष्ट राहतात. फुरसं आणि मांजऱ्या साप ही दुसरी फसवी जोडी. या दोन जोड्या डोळ्यांत बसल्या तरी पुस्तकाचे पैसे वसूल.

नकाशांसाठी दुकानात जायची गरज नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाची 1:50,000 प्रमाणाची पत्रकं विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. त्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि समोच्च रेषांमधलं (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधलं) उंचीचं अंतर 20 मीटर. गोम इथंच आहे. पंधरा मीटरचा उभा कातळटप्पा दोन रेषांच्या मध्ये साफ गडप होऊ शकतो आणि नकाशावर चढ सोपा दिसतो. सह्याद्री थराथरांनी रचलेला, त्यामुळे असे टप्पे जागोजाग. म्हणून नकाशाशेजारी मराठी वाटाड्या, म्हणजे वाटा सांगणारं पुस्तक, हवाच, आणि आनंद पाळंदे यांचं 'डोंगरयात्रा' त्या जागी शोभतं. कुठल्याही वाटाड्यात पाण्याचं टाकं आणि दरड यांची माहिती मात्र ताज्या जाणकाराकडून पडताळून घ्यावी.

परदेशी रानभाज्यांची पुस्तकं घेऊ नयेत. शेवळ या रानभाजीला आंबट घातलं नाही तर घसा खवखवतो, कळलावीचा कंद खाण्याजोग्या कंदासारखा दिसतो पण जीवघेणा असतो, हे तिथं सापडणार नाही. फासे-सापळ्यांची प्रकरणं आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे फक्त वाचण्यापुरती. अस्वलांवर वीस पानं आणि आग्या मोहोळावर एक ओळही नाही, हीदेखील नेहमीची उणीव. पाण्याचा सल्ला मात्र इथं सोपा होतो: खळखळून एक मिनिट उकळी. तीन मिनिटांचा नियम 2,000 मीटरच्या वरचा, आणि आपलं कळसूबाई 1,646 मीटर.

प्रत निवडताना कण्याकडे बघा. नुसत्या गोंदाने चिकटवलेली पानं दोन पावसाळ्यांत सुटी होतात, शिवलेली बांधणी टिकते. बांधणीच्या फटीत कसर किंवा बुरशीचा वास असेल तर ती प्रत आणू नका, कारण शेजारच्या पुस्तकांनाही लागण होते. घरी कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा आणि जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा दारं उघडी टाका. मूळ पुस्तक पाठीवर न्यायचं नाही. लागतील ती चार पानं लेझर प्रिंटरवर छापून झिपच्या पिशवीत घाला. इंकजेटची शाई पहिल्याच सरीत पसरते.