कोल्हापुरात उणे 40 अंश

दिवाळीनंतर गाडीनं नखरे सुरू केले. सकाळी तीन-चार सेल्फ मारल्याशिवाय लागेना. लागली की काळा धूर, पेट्रोलचा वास, आणि इंजिन गार असतानाच रेडिएटरचा फॅन घुमायला लागायचा. मीटरवर चेक इंजिनचा दिवा. शिरोली रोडवरच्या एका गॅरेजात नेली.

मिस्त्रीनं स्कॅनर लावला, स्क्रीन स्वतःकडंच धरली आणि मान हलवली. "दादा, थर्मोस्टॅट बाद झालाय. फॅनची मोटार बी गेल्या."

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापलं की कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, रेडिएटरकडं सोडणारी झडप. ते ठीक, पण जो फॅन थांबायचं नाव घेत नाही, त्याची मोटार गेली कशी? हे तिथंच विचारायला हवं होतं. पण तेवढ्यात चहा आला.

संध्याकाळी 10,650 रुपये मोजले. थर्मोस्टॅट 1,850, मोटार 4,200, कुलंट 1,600, मजुरी 2,500, स्कॅनिंग 500. सगळं साध्या कागदावर पेननं लिहिलेलं. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, "भंगारात गेलं की." दिवा विझला होता खरा, पण कावळा नाका ओलांडायच्या आत परत पेटला. गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेला बिघाडाचा कोड त्यानं स्कॅनरनं नुसता पुसला होता.

दुसऱ्या दिवशी परत गेलो तर म्हणे हेड गॅस्केट (इंजिनातलं कुलंट, ऑइल वेगळं ठेवणारं पॅकिंग) उडालंय, 28 हजार होतील, आणि असंच चालवलं तर इंजिन सीज, म्हणजे कायमचं जाम होईल. खरं सांगतो, मी घाबरलो. ॲडव्हान्स द्यायच्या बेतात होतो, पण आधी मामांना फोन केला. त्यांचं आयुष्य उद्यमनगरात मशिनींत गेलंय.

मामांनी बाटलीतलं कुलंट बघितलं, बोटभरही उतरलेलं नव्हतं. डिपस्टिक काढली, ऑइल दुधाळ झालेलं नव्हतं. "गॅस्केट गेल्यावर धूर पांढरा येतोय. तुझा काळा हाय. पेट्रोल जास्त जातंय बघ."

गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी सहाला शेजारच्या पोराचा ब्लूटूथ स्कॅनर लावून मोबाइलवर बघितलं. रात्रभर उभ्या गाडीत आत येणाऱ्या हवेचं आणि कुलंटचं तापमान जवळपास सारखंच दिसायला हवं. हवा 19 अंश. कुलंट उणे 40.

"कोल्हापुरात बर्फ पडालाय व्हय रं?" मामा हसून बेजार.

कोड पी 0118, म्हणजे कुलंटचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमधून व्होल्टेज जास्त येतंय. हा सेन्सर गार असताना जास्त रेझिस्टन्स दाखवतो, साधारण 20 अंशांना दोन-अडीच किलोओहम, आणि इंजिन तापलं की दोन-तीनशे ओहमवर येतो. आतून तुटला की कॉम्प्युटरला वाटतं इंजिन गोठलंय, म्हणून तो पेट्रोल वाढवतो. वर खात्री नसल्यामुळे खबरदारी म्हणून फॅनही चालू ठेवतो. माझ्या गाडीची तिन्ही दुखणी एवढ्यात आली.

पण वायर तुटली तरी उणे 40च दिसतं. म्हणून मामांनी सेन्सरचा प्लग काढून वायरिंगच्या बाजूच्या दोन्ही पिना तारेच्या तुकड्यानं जोडल्या. आकडा उणे 40वरून थेट सव्वाशेच्या वर. म्हणजे वायर ठीक, कॉम्प्युटर ठीक. मग सेन्सरलाच मल्टिमीटर लावला, तर काटा हलेना.

नवा सेन्सर 480 रुपयांना मिळाला. बसवण्याआधी मामांनी तो चहाच्या पातेल्यातल्या गरम पाण्यात धरून मीटरवर आकडा उतरताना दाखवला. मग गार इंजिनवर पंधरा मिनिटांत बसवला.

तेव्हाच थर्मोस्टॅटच्या हाऊसिंगचे बोल्ट नजरेला पडले. त्यांच्यावर जुनी धूळ आणि गंज जसाच्या तसा. पाना लागलेलाच नव्हता. फॅनच्या मोटारीवरही कंपनीचा मूळचा, उडत आलेला स्टिकर.

दोघं गॅरेजात गेलो. मिस्त्री आधी आवाज चढवून बोलला. मामांनी बोनेट उघडून बोल्टवर बोट ठेवल्यावर "पोरानं घोळ घातला" म्हणाला आणि थर्मोस्टॅटचे 1,850 परत दिले. मोटारीचं "बघू" म्हणालाय. ग्राहक आयोगाकडं जायचं म्हटलं तर हातात काय, तो पेननं लिहिलेला कागद; त्यावर ना सही, ना गॅरेजचं नाव.