जर्मनीत राउटर: भाड्याने की विकत?

म्युनिकला नुकताच आलेला मावसभाऊ विचारत होता, इंटरनेट कंपनीचा राउटर भाड्याने घेऊ की स्वतःचा?

आधी पैसे. महिना ५ युरो भाडं धरलं तरी २४ महिन्यांच्या करारात १२० युरो जातात, आणि शेवटी डबा परत करायचा. तेवढ्यात वापरलेला फ्रिट्झबॉक्स (इथला लोकप्रिय राउटर) येतो, उलट पुढे विकताही येतो. ऑगस्ट २०१६ पासून स्वतःचा राउटर लावणं हा इथे ग्राहकाचा कायदेशीर हक्क आहे.

कटकट मात्र विकतच्यात जास्त. डीएसएलचा (फोनच्या तारेवरच्या इंटरनेटचा) मॉडेम, म्हणजे लाइनचा सिग्नल वाचणारा भाग, केबलला (टीव्हीच्या केबलवरच्या इंटरनेटला) चालत नाही. मी पुण्याहून राउटर आणला, भिंतीतल्या फोनच्या तीन खाचांच्या सॉकेटसमोर धरला, तेव्हा कळलं की त्यात मॉडेमच नाही! बिचारा अजून कपाटात आहे. भाड्याचा बिघडला तर कंपनी बदलून देते. स्वतःचा बिघडला तर वॉरंटीची पावती शोधा.

घर बदललं आणि डीएसएलचं केबल झालं, तर विकतचा बहुतेक निरुपयोगी. म्हणून वर्षभरासाठी आलेल्याने, किंवा पत्ता पक्का नसलेल्याने, भाड्याचाच घ्यावा. दोन वर्षं एकाच घरात राहणार असाल, तर लाइन कुठली ते विचारून विकत घ्या.