नोकिया ६६००: ‘बोर्ड गेलाय’ ऐकल्यानंतरचे आठ महिने

गेल्या दसऱ्याच्या साफसफाईत नाशिकला पंचवटीत मामांच्या कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. आत जुनी वीजबिलं, काडी तुटलेला चष्मा आणि नोकिया ६६००. फोनचं मागचं झाकण एका बाजूनं वर आलेलं, कारण आतली बॅटरी फुगून पुरीसारखी झाली होती. मामा म्हणाले, “ने हवा तर. पण भंगारात टाकू नकोस, माझ्या एका पगारात आला नव्हता तो.”

ज्यांनी हा फोन पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. २००३ सालचं मॉडेल. सिम्बियन ७.०एस, सिरीज ६० ही सॉफ्टवेअर प्रणाली, १०४ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, आतली मेमरी जेमतेम ६ एमबी, व्हीजीए कॅमेरा, ब्लूटूथ आणि इन्फ्रारेड. वायफाय नाही, थ्रीजी नाही. कॉलेजात असताना ‘डबल सिक्स डबल झीरो’ ज्याच्या पट्ट्याला लटकलेला असे, त्याच्या चहाचे पैसे दुसराच कुणीतरी द्यायचा.

सगळ्यात आधी बॅटरी काढली. फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबू नका, ‘जरा चार्ज होते का बघू’ तर अजिबात नको. यातली बीएल-५सी तीच, जिच्याबद्दल ऑगस्ट २००७ मध्ये नोकियानं सूचना काढली होती: मात्सुशिता या जपानी कंपनीनं डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगला तापू शकतात. मामांची बॅटरी त्याही आधीची, ती नुसती म्हातारपणानं फुगली होती. बीएल-५सी आजही सहज मिळते, छोट्या रेडिओत आणि स्पीकरमध्ये तीच असते. पण मी पहिल्यांदा स्वस्तातली घेतली आणि पस्तावलो. तिच्या पट्ट्या किंचित आत होत्या, त्यामुळे नंतर फोन चालू झाल्यावर खिशात धक्का बसला की बंद पडायचा. मधली पट्टी फोनला बॅटरीची जात सांगते, तिलाही नीट टेकावं लागतं.

नवी बॅटरी घालूनही फोन ढिम्म. एमजी रोडवर दोन दुकानं फिरलो. पहिल्यानं पॉवरचं बटण तीन सेकंद दाबलं, फोन कानाजवळ हलवला (का, देव जाणे) आणि म्हणाला, “बोर्ड गेलाय.” म्हणजे आतली मुख्य सर्किटची पाटीच. दुसऱ्यानं तेही केलं नाही, बघूनच “बोर्ड” म्हणाला. स्क्रू कुणीच उघडला नाही. मी अंबडला पॅनल मेंटेनन्समध्ये आहे. आमच्याकडे मीटर न लावता कुणी ‘मोटर जळाली’ म्हटलं तर त्याला पुन्हा पाठवतात. तेव्हा हे काही गळी उतरेना.

शेवटी सिडकोत एक कारागीर सापडला. टेबलावर भिंग, हॉट एअर (गरम हवेनं सुटे भाग काढा-बसवायचं यंत्र), डीसी सप्लाय आणि जुन्या बोर्डांनी भरलेला श्रीखंडाचा डबा. त्यानं बॅटरी काढली, सप्लाय ३.७ व्होल्टवर ठेवला आणि चिमटे लावले. “काटा बघ भाऊ,” म्हणाला. काटा शून्यावर. “बटण न दाबता करंट ओढला असता तर शॉर्टिंग. नाहीये. आता दाबतो.” दाबलं. तरी शून्य. “म्हणजे बोर्डला कुणी उठ म्हणतच नाहीये.”

झाकण उघडलं, टॉर्क्स टी-६चे स्क्रू काढले. वरच्या पॉवरच्या स्विचवर हिरवट थर होता, देवघरातल्या न घासलेल्या तांब्यावर असतो तसा. आयपीएत (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) बुडवलेल्या ब्रशनं दोन-तीन वेळा घासलं, हवा मारली आणि पुन्हा दाबलं. काटा टुणकन उडाला, शंभर मिलिअँपिअरच्या पुढे गेला, थरथरला. डिस्प्ले मात्र पांढराफटक. माझा चेहरा पडला, पण तो हसला. करंट जातोय म्हणजे बोर्ड काम करतोय. डिस्प्लेच्या पट्टीचं कनेक्टर काढून पुसून परत बसवलं आणि नोकिया चालू होताना दिसणारे ते दोन हात एकमेकांत आले. मामांना फोन लावून ती धून ऐकवली. ते पलीकडून म्हणाले, “दुसरा फोन कशाला घेतलास?”

त्यानंतर फोन सुरू व्हायचा, पण त्या दोन हातांवरच अडकायचा. हिरवं बटण, स्टार आणि ३ एकत्र दाबून फोन चालू केला की सगळं फॉरमॅट होतं, हे जुन्या लोकांना पाठ असतं. मी ते टाळलं, आत मामांचे एसएमएस होते. आधी मेमरी कार्ड काढून बघितलं (हे एमएमसी, म्हणजे जुन्या प्रकारचं कार्ड, बॅटरीच्या खाली असतं आणि त्या खाचेत हल्लीचं एसडी जात नाही, ते जाड असतं). फोन चटकन चालू झाला. कार्डच खराब होतं. फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही.

मेसेजमध्ये ब्लूटूथवरून आलेली, न उघडलेली एक फाइल मिळाली: तीच ‘कॅरिबे डॉट एसआयएस’. २००४ मध्ये गाजलेला कॅबिर व्हायरस. मामांना विचारलं तर म्हणाले, “सीबीएस स्टँडवर एसटीची वाट बघत होतो तेव्हा आलं होतं. अनोळखी माणसानं दिलेला प्रसाद मी खात नाही.”

मग स्टार हॅश ०६ हॅश दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) काढला आणि बॅटरीखालच्या स्टिकरशी जुळवला. जुळला, म्हणजे बोर्ड मूळचाच. जुना फोन विकत घेणार असाल तर हे दुकानातच करा.

जॉयस्टिक डावीकडे दाबली जात नव्हती. घासून दोन आठवडे चालली, मग पुन्हा तेच. शेवटी कारागिरानं दुसऱ्या बोर्डवरची काढून हॉट एअरनं बसवली. बॅटऱ्या सोडून एकूण साडेसहाशे रुपये गेले.

आता वापराबद्दल. आठ महिने हा माझा बोलण्याचा फोन आहे. यूपीआय आणि व्हॉट्सअ‍ॅपला दुसरा ठेवावाच लागतो, उगाच साधेपणाचा आव आणत नाही. सिम टूजी देणाऱ्या कंपनीचं हवं, जिओवर हा चालणार नाही. नॅनो सिमला अडॅप्टर लागतो, आणि तो सैल असला तर ‘इन्सर्ट सिम कार्ड’ दिसतं. हा सिमचा दोष समजून मी एक सिम फुकट बदलून आलो. चार्जर जाड पिनचा लागतो, तो रविवारच्या जुन्या बाजारात मिळाला.

आवाज खणखणीत. मशीन चालू असलेल्या शेडमध्येही समोरचा ऐकू येतो. बॅटरी मला तिसऱ्या दिवशी चार्ज करावी लागते. वेबसाइट उघडणं विसरा. अ‍ॅप्स बंद न करता बाहेर आलं तर थोड्या वेळानं मेमरी भरल्याची तक्रार येते. तेव्हा मेन्यूचं बटण दाबून धरायचं आणि यादीतल्या एकेकावर ‘सी’ दाबायचं.

एक गोष्ट मी साफ विसरलो होतो. स्वयंपाकघरातला रेडिओ आणि हा फोन एका फळीवर असले की रिंग वाजायच्या आधी रेडिओ टर्र-टर्र, टर्र-टर्र करतो. टूजीचा फोन सतत बोलत नाही, तुकड्या-तुकड्यांत, सेकंदाला २१७ वेळा सिग्नल सोडतो, तोच स्पीकरच्या तारेत शिरतो. आई आता रेडिओ टरटरला की तिकडूनच ओरडते, “अरे, येतोय बघ कुणाचातरी!”

पावसाळा लागल्यापासून रात्री फोन तांदळाच्या नाही, सिलिका जेलच्या डब्यात ठेवतो. तांदळाची भुकटी जॉयस्टिकमध्ये जाते, हे कारागिरानं एका उघडलेल्या फोनमध्ये दाखवलं. जॉयस्टिक परवापासून डावीकडे पुन्हा अडायला लागली आहे. त्याला सांगितलं, तर श्रीखंडाचा डबा हलवून म्हणाला, “अजून दोन बोर्ड आहेत. एक तुझ्या नावानं ठेवलाय.”