सीकॅश लावा, पण आधी त्याचे स्टॅट्स बघायला शिका

मी फोंड्याला घरून काम करतो, प्रोजेक्ट सी प्लस प्लसचा आणि भला मोठा, क्लीन बिल्ड (सगळा कोड पहिल्यापासून कंपाइल करणं) लावला की 40 मिनिटं गेलीच म्हणून समजा. त्यात पावसात आमच्याकडे लाईट कधी जाईल नेम नाही, बिल्ड चालू असताना मशीन बंद पडलं की एखादी ऑब्जेक्ट फाईल (एका सोर्स फाईलचं कंपाइल झालेलं रूप) अर्धवट राहते, मग सगळं पुसून परत पहिल्यापासून. मेक हे बिल्ड टूल सोडून निंजा या दुसऱ्या टूलवर आलो, थोडा फरक पडला, पण जे कंपाइल करायचं ते करावंच लागतं ना.

मग सीकॅश (ccache) लावलं, म्हणजे एकदा कंपाइल झालेलं साठवून ठेवणारं टूल. फुकट आहे, ओपन सोर्स, सांबा या फाईल शेअरिंगच्या सॉफ्टवेअरवाले अँड्र्यू ट्रिजेल यांनी सुरू केलेलं. सोर्स, हेडर, फ्लॅग (कंपायलरला दिलेले पर्याय), कंपायलर सगळ्याचा हॅश, म्हणजे एक ओळखीचा ठसा, काढतं आणि हेच आधी कंपाइल झालेलं असेल तर जुनी ऑब्जेक्ट फाईल उचलून देतं. सीमेकमध्ये (बिल्डची मांडणी करून देणारं टूल) कंपायलर लाँचर म्हणून नाव दिलं की झालं.

पण पहिले दोन दिवस मला काहीच फायदा दिसला नाही. दोन ब्रँचची दोन फोल्डर आहेत माझ्याकडे, एकात बिल्ड करून दुसऱ्यात लावला तर स्टॅट्समध्ये नुसते मिस, म्हणजे कॅशेत काही सापडलंच नाही. शेवटी डीबग मोड चालू केला, त्यात हॅशमध्ये काय काय गेलं त्याची टेक्स्ट फाईल प्रत्येक ऑब्जेक्टशेजारी पडते (हे फीचर मला फार आवडलं), दोन्हीकडच्या एकाच सोर्सच्या त्या फाईली डिफ केल्या (फरक काढला) आणि चोर सापडला, फोल्डरचा पाथ! डीबग माहिती चालू असली की चालू फोल्डरही हॅशमध्ये धरतात. बेस डिर सेट केला (त्याखालचे पूर्ण पाथ रिलेटिव्ह होतात), हॅश डिर फॉल्स केला (चालू फोल्डर हॅशमध्ये धरत नाही), आणि चहा गाळून आणेपर्यंत लिंकिंग, म्हणजे ऑब्जेक्ट फाईली जोडायची शेवटची पायरी, चालू झालेलं.

एक मात्र लक्षात ठेवा, असं केल्यावर डीबगर कधीकधी दुसऱ्याच फोल्डरचा पाथ दाखवतो, त्याला प्रिफिक्स मॅपचा (पाथचा सुरुवातीचा भाग बदलून लिहिणारा) फ्लॅग लागतो. कॅशेची डिफॉल्ट साईज 5 जीबी, मोठ्या प्रोजेक्टला ती पुरत नाही, जुन्या एंट्री उडतात आणि परत मिस सुरू, मी 25 केली. डॉकरमध्ये (तयार इमेजवरून चालणाऱ्या कंटेनरमध्ये) बिल्ड करत असाल तर कंपायलर चेक कंटेंटवर ठेवा, म्हणजे तारीख नाही, कंपायलरची फाईलच तपासली जाते, नाहीतर इमेज नवी बनली, कंपायलरची तारीख बदलली की सगळी कॅशे वाया.

लिंकिंगला याचा काही उपयोग नाही, तिथे मोल्ड हा वेगवान लिंकर लावून बघतोय, चवथीआधी जमलं तर त्याचंही लिहितो.