उघडी आग, बंद भट्टी की कंपोस्ट? स्फोटकांनी माखलेल्या कचऱ्याचं काय करायचं

स्फोटकं पुसलेल्या चिंध्या, धुण्याचं पाणी, गळती मुरलेली माती, जुन्या नळ्या. कागदावर हे सगळं ‘स्फोटकदूषित कचरा’ म्हणून एकाच रकान्यात जातं आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

उघड्यावर जाळणं सगळ्यात स्वस्त दिसतं. पण न जळलेले कण आणि राख आजूबाजूला पडते, पाऊस ती मुरवतो. आरडीएक्स मातीला फारसं धरून राहत नाही, भूजलापर्यंत उतरतं. हलवायलाच धोकादायक असा माल असेल, तरच मी हा मार्ग मान्य करीन. अमेरिकेत लुइझियानातल्या कॅम्प मिंडेनला 2012च्या स्फोटानंतर सुमारे दीड कोटी पौंड एम6 प्रोपेलंट (तोफगोळा पुढे ढकलणारी दारू) पडून होतं. आधी ते उघड्यावर जाळायचं ठरलं. रहिवासी अडून बसले. शेवटी बंदिस्त कक्षात, धूर शुद्ध करून जाळलं आणि 2017मध्ये काम आटोपलं.

म्हणजे चिंध्या, लाकूड, प्रोपेलंट यांना बंद भट्टीच बरी. मात्र माल थोडाथोडाच घालावा लागतो, आणि कचऱ्यात शिसं असेल तर ते जळून नाहीसं होत नाही. ते राखेत किंवा धूर गाळणीत सापडतं.

मातीसाठी मात्र माझं मत कंपोस्टला. अमेरिकेतल्याच ओरेगॉनच्या युमाटिला लष्करी डेपोत बॉम्ब धुतलेलं पाणी उघड्या तळ्यांत सोडलं जाई. 1990च्या दशकात तिथली माती शेण, बटाट्याचा चोथा, लाकडाचा भुसा अशा मालात मिसळून लांब ढिगांत घातली. ढीग परतला की वाफा निघत. काही आठवड्यांत टीएनटी, आरडीएक्स ठरवलेल्या मर्यादेखाली आलं. टीएनटीचे अवशेष पूर्ण नाहीसे होत नाहीत, ह्युमसला (कुजून झालेल्या काळ्या सेंद्रिय भागाला) घट्ट चिकटतात, हा आक्षेप खरा आहे. शिवाय ढिगाला जागा लागते, शिशावर तो निरुपयोगी. तरीही भट्टीतून निघालेल्या निर्जीव मातीपेक्षा ही माती बरी. फक्त आधी तपासणी हवी: स्फोटकाचं प्रमाण वजनाने 10 टक्क्यांवर गेलं, तर ती मातीच स्फोटक धरायची.

टीएनटीचं पाणी उन्हात गुलाबी होतं. ते सक्रिय कोळशातून गाळतात. पण वापरलेला कोळसा हाही याच कचऱ्यात मोजा.

नळ्या, व्हॉल्व्ह तापवून निर्धोक करता येतात. तापवण्याआधी बंद पोकळ्या उघडल्याच पाहिजेत, आणि कापायला घेण्याआधी बोल्टच्या आट्यांतही काही राहिलंय का ते पाहा.